स्वभाव, समाज आणि मन : संस्कृती व मानसशास्त्राबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान शिक्षक, समुपदेशक, आशाताई, समाजकार्याचे आणि मानसशास्त्राचे विद्यार्थी यांच्यासाठी आहे. घरातल्या माणसाचं वागणं समजून घेऊ पाहणाऱ्या कुणालाही ते वाचता येईल. प्रश्न क्रमाने वाचायची गरज नाही.

संस्कृती मनावर परिणाम करते म्हणजे नेमकं काय होतं?

संस्कृती म्हणजे सण, पेहराव आणि पदार्थ एवढंच धरलं तर काही हाती लागत नाही. मनाच्या दृष्टीने महत्त्वाच्या गोष्टी फार साध्या असतात. मूल रात्री कुणाजवळ झोपतं? पंगतीत आधी कुणाला वाढतात? मोठ्यांसमोर कुणी तोंड उघडायचं? चूक झाली तर बोल एकट्याला लागतो की घराण्याला? उसने पैसे कुणाकडे मागता येतात? एक नातं तुटलं तर दुसरं जोडायची सोय आहे का? या गोष्टी दिवसात अनेकदा घडतात आणि त्यातून सवयी बसतात: लक्ष कशाकडे द्यायचं, लाज कशाची वाटून घ्यायची, राग कुणावर काढला तर चालतो.

भीती, राग, स्मरण यांची शरीरातली यंत्रणा सगळीकडे सारखीच आहे. ती कशाने सुरू व्हावी आणि बाहेर कशी दिसावी हे मात्र भोवताल शिकवतो. त्यामुळे ज्याला आपण स्वभाव म्हणतो त्यातला बराच भाग परिस्थितीने घडवलेला असतो, आणि परिस्थिती बदलली की वागणंही बदलतं, कधी कधी आश्चर्य वाटावं इतक्या लवकर. खालची बरीच उत्तरं याच मुद्द्याभोवती फिरतात.

मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातले निष्कर्ष आपल्याला लागू होत नाहीत का?

काही होतात, काही होत नाहीत. कुठले होतात हे तपासल्याशिवाय कळत नाही, अडचण तिथेच आहे. जेफ्री आर्नेट यांनी २००८ मध्ये अमेरिकेतल्या सहा प्रमुख नियतकालिकांतले लेख तपासले. अभ्यासात भाग घेतलेल्यांपैकी ९६ टक्के लोक पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले निघाले. त्या देशांत जगाची जेमतेम १२ टक्के लोकसंख्या राहते. त्यातही बहुसंख्य अमेरिकी, आणि अमेरिकी म्हणजे बऱ्याचदा मानसशास्त्र शिकणारे महाविद्यालयीन विद्यार्थी. २०१० मध्ये हेनरिक, हाइने आणि नोरेन्झायान यांनी दाखवून दिलं, की हा गट जगाचा नमुना तर नाहीच, अनेक बाबतींत तो टोकाला बसणारा आहे.

म्हणून पुस्तकात "माणसं असं करतात" असं वाक्य दिसलं की तीन गोष्टी पाहा: कुठली माणसं, किती आणि कुठल्या वर्षी.

डोळ्यांना जे दिसतं तेही संस्कृतीवर अवलंबून असतं?

काही प्रमाणात. दोन सारख्या रेषा, एकीच्या टोकांना आत वळलेले बाण, दुसरीच्या टोकांना बाहेर वळलेले. ही आकृती शाळेच्या पुस्तकात सगळ्यांनी पाहिलेली असते. सेगल, कॅम्पबेल आणि हर्स्कोविट्स यांचा १९६६ चा अभ्यास सांगतो, की अमेरिकेतल्या लोकांना या रेषा सर्वांत जास्त असमान दिसल्या आणि आफ्रिकेच्या कलहारी वाळवंटातल्या सान लोकांना जवळजवळ सारख्याच. चौकोनी खोल्यांत वाढल्यामुळे असं होतं, हे स्पष्टीकरण तेव्हा दिलं गेलं. त्यावर आजही वाद आहे.

दिशांचं उदाहरण जास्त घरचं आहे. खेड्यात "उगवतीच्या अंगाला", "वरच्या आळीला" असं सांगतात, शहरात "डावीकडे वळा". रमेशचंद्र मिश्र आणि पियर दासेन यांना वाराणसीच्या संस्कृत पाठशाळांत पूर्व-पश्चिमेच्या हिशेबाने वस्तूंची मांडणी लक्षात ठेवणारी मुलं भेटली. टेबलाभोवती फिरवून उभं केलं तरी ती मांडणी दिशेप्रमाणेच लावत. शिक्षकांसाठी यातली उपयोगाची गोष्ट एवढीच: नकाशा शिकवताना एखाद्या मुलाला डावं-उजवं जमलं नाही, तर त्याला दिशा विचारून पाहा.

भारतीय समूहवादी आणि पाश्चात्त्य व्यक्तिवादी, हे खरं ना?

सरासरीत थोडंफार. माणसाबद्दल बोलताना जवळजवळ निरुपयोगी. डाफ्ना ऑयझरमन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. देशादेशांतले फरक आढळले, पण समजलं जातं तितके मोठे आणि एकसारखे नव्हते. जे. बी. पी. सिन्हा यांनी तर भारतीय माणूस दोन्ही मनोवृत्ती एकाच वेळी बाळगतो असं मांडलं. प्रसंग पाहून तो एक पुढे करतो. लग्नाच्या यादीत समूहवादी असलेला माणूस सोसायटीच्या पार्किंगमध्ये काय असतो, हे वेगळं सांगायला नको.

"त्याचा स्वभावच तसा" असं म्हणण्यात चूक काय?

चूक अशी, की हे स्पष्टीकरण आपण लहानपणी देत नसतो, ते शिकतो. जोन मिलर यांनी १९८४ मध्ये शिकागोतले अमेरिकी आणि मैसूरमधले हिंदू अशा ८, ११ आणि १५ वर्षांच्या मुलांना व प्रौढांना ओळखीच्या माणसांनी केलेली चांगली आणि वाईट कृत्यं सांगायला लावली, मग त्यांची कारणं विचारली. आठ वर्षांच्या मुलांत फारसा फरक नव्हता. वय वाढलं तसं अमेरिकी लोक "तो गर्विष्ठ आहे", "ती बेफिकीर आहे" अशी कारणं जास्त देऊ लागले. मैसूरचे लोक "त्याच्यावर घराची जबाबदारी होती", "दोघांचं नातंच तसं होतं" अशी.

म्हणजे प्रसंग आणि नाती बघण्याची दृष्टी आपल्या समाजात होती, आहे. शाळेचा शेरा, नोकरीचा अहवाल, व्यक्तिमत्त्व चाचणी या कागदांवर मात्र "आळशी", "लाजाळू", "नेतृत्वगुण नाहीत" असेच रकाने असतात. तिथे लिहिताना एक सोपा नियम पाळा: विशेषणाऐवजी कृती, वेळ आणि ठिकाण लिहा. "लाजाळू आहे" ऐवजी "वर्गात प्रश्न विचारत नाही, मैदानावर संघाला सूचना देतो". दुसऱ्या वाक्यावर काही उपाय करता येतो.

जातीचा उल्लेख झाल्याने मुलाच्या कामगिरीवर खरंच परिणाम होतो का?

होतो, आणि तो मोजलेला आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहं सोडवायला दिली. प्रत्येक सुटलेल्या चक्रव्यूहामागे पैसे मिळत. जात जाहीर केली नव्हती तेव्हा तथाकथित वरच्या आणि खालच्या जातींच्या मुलांच्या कामगिरीत फरक नव्हता. मिसळलेल्या गटात प्रत्येकाचं नाव, गाव आणि जात मोठ्याने वाचून दाखवल्यावर खालच्या मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी स्पष्टपणे घसरली. मुलं तीच, कोडी तशीच, बक्षीसही तेच.

कारणं दोन असू शकतात, आणि ती एकमेकांत मिसळतात. एक, "आपल्याला कमी समजतात" ही जाणीव लक्ष खाऊन टाकते. दोन, "आपण कितीही चांगलं केलं तरी न्याय मिळणार नाही" हा अनुभवावर बेतलेला अंदाज, ज्याने प्रयत्नच कमी होतो. दुसऱ्या कारणाला आत्मविश्वास वाढवायची शिबिरं पुरत नाहीत. तिथे बक्षीस देणाऱ्याचं वागणं बदलावं लागतं.

शाळेत यावरून काय करायचं:

- शिष्यवृत्तीच्या याद्या वर्गात जातीच्या नावाने वाचू नका. मुलांना एकेकट्याने कार्यालयात बोलवा किंवा पालकांना कळवा. "शिष्यवृत्तीवाले उभे राहा" हेही तसंच.
- परीक्षेच्या किंवा चाचणीच्या आधी जात, उत्पन्न, आईवडिलांचं शिक्षण विचारणारा फॉर्म भरून घेऊ नका. तो शेवटी ठेवा, किंवा दुसऱ्या दिवशी.
- अनोळखी मुलाला पहिला प्रश्न "आडनाव काय?" हा नको. महाराष्ट्रात तो प्रश्न कशासाठी असतो हे मुलाला पक्कं ठाऊक असतं.
- पेपर तपासताना नावाऐवजी क्रमांक ठेवा आणि तसं मुलांना आधी सांगा. सांगितलं नाही तर अर्धा उपयोग वाया जातो.

पैशाची ओढाताण असली की डोकं चालत नाही, हे शास्त्रीय आहे का?

याचा सर्वांत गाजलेला पुरावा उसाच्या शेतातला आहे. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डर शफीर आणि जियायिंग झाओ यांनी २०१३ मध्ये तमिळनाडूतल्या ५४ गावांतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची तोडणीआधी आणि पैसे हातात आल्यानंतर आकृत्यांच्या कोड्यांवर चाचणी घेतली. तोच शेतकरी पैसे येण्याआधी कमी गुण मिळवत होता. आधीच्या महिन्यांत गहाण ठेवणं, उधारी, फी यांचा हिशेब सतत डोक्यात चालू असतो, हे त्यामागचं कारण दिलं गेलं.

ही बाजू ऐकून थांबू नये. अमेरिकेत पगाराच्या आधी आणि नंतर केलेल्या २०१६ च्या अभ्यासात असा फरक सापडला नाही. ओढाताण किती दिवसांची आहे, पैसे कधी येणार हे नक्की माहीत आहे का, यावर परिणाम अवलंबून असावा असं आम्हाला वाटतं. तारखेला येणारा पगार आणि वर्षाने येणारं उसाचं बिल यांत फार अंतर आहे. उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यावेत असा नियम असूनही बिलं थकतात, हे कारखान्याच्या पट्ट्यात राहणाऱ्याला माहीत असतं. बँकेने, शाळेने, सरकारी योजनेने लांबलचक फॉर्म या काळात भरायला लावले की चुका होणारच. मुदत बिल जमा झाल्यानंतरची ठेवणं हा फुकटातला उपाय आहे.

आजच्या मुलांना धीर नाही म्हणतात. धीर धरणं हा गुण असतो की सवय?

बऱ्याच अंशी सवय, आणि तीही विशिष्ट गोष्टीपुरती. "आत्ता एक गोळी, थांबलास तर दोन" ही चाचणी सर्वांना माहीत आहे. जपानी आणि अमेरिकी मुलांवर ती वेगळ्या प्रकारे करून पाहिली गेली (निष्कर्ष २०२२ मध्ये आले). खाऊ समोर असताना जपानी मुलं जास्त थांबली, गुंडाळलेली भेटवस्तू समोर असताना अमेरिकी मुलं जास्त थांबली. जपानमध्ये सगळ्यांची ताटं येईपर्यंत जेवायचं नाही ही सवय असते. अमेरिकेत नाताळची भेट वेळ येईपर्यंत उघडायची नाही ही. "वदनी कवळ घेता" होईपर्यंत घासाला हात न लावणाऱ्या मुलाला हे समजावून सांगावं लागणार नाही. मुलाला थांबायला शिकवायचं असेल तर उपदेश कमी करा आणि रोज एक ठरलेला, सगळ्यांनी मिळून थांबायचा प्रसंग ठेवा.

"लोक काय म्हणतील" ही भीती काढून कशी टाकायची?

आधी ती वेडेपणाची नाही हे मान्य करा. जिथे नाती बदलता येत नाहीत, म्हणजे तेच गाव, तीच भावकी, त्याच जातीत सोयरीक, तिथे बदनामीची किंमत खरी असते. मोठ्या शहरात एका मित्रमंडळीतून उठून दुसरीत बसता येतं. तीनशे उंबऱ्यांच्या गावात नाही. लोकांच्या बोलण्याकडे लक्ष ठेवणं हा तिथला व्यवहार आहे.

म्हणून "लोकांची पर्वा करू नकोस" हा सल्ला शहरातून गावात नेला की फसतो. त्याऐवजी तीन प्रश्न लिहून काढायला सांगा: नेमके कोण लोक (नावं)? ते म्हणाले तर प्रत्यक्षात काय बिघडेल? त्यांच्यापैकी कोण आपल्या बाजूने उभं राहील? यादी करायला घेतली की "लोक" म्हणजे बहुधा चार-पाच माणसं निघतात. त्यांतला एक मामा किंवा एक शिक्षक बाजूने वळवता आला तरी पुष्कळ फरक पडतो.

मन आजारी असताना माणसं अंग दुखतं, अशक्तपणा आहे असंच का सांगतात?

कारण ते खरंच दुखत असतं. मानसिक त्रासात शरीराची लक्षणं जगभर असतात. कुठलं लक्षण आधी सांगायचं हे मात्र समोर कोण बसलंय आणि कशाला किंमत मिळते यावर ठरतं. डॉक्टरच्या खोलीत दोन मिनिटं मिळत असतील तर माणूस डॉक्टरला उपचार करता येईल असं काहीतरीच सांगणार. शिवाय "वेड" हा शिक्का लागला तर मुलीच्या सोयरिकीवर परिणाम होईल ही धास्ती असतेच.

वासुदेव परळीकर आणि सहकाऱ्यांनी पुण्यात मानसोपचार, सामान्य औषधोपचार, त्वचारोग आणि आयुर्वेद अशा चार प्रकारच्या बाह्यरुग्ण विभागांत अशक्तपणाची तक्रार घेऊन येणाऱ्यांचा अभ्यास केला. नुसत्या रोगाच्या नावावर न थांबता त्यांनी रुग्ण त्या थकव्याचा अर्थ काय लावतो, कारण काय मानतो, मदत कुठे शोधतो हेही विचारलं. ही पद्धत आपल्यालाही वापरता येते. शरीराच्या तक्रारीपासून सुरू करा आणि तिला खोटं ठरवू नका:

"अशक्तपणा कधीपासून? दिवसात कधी जास्त? त्यामुळे कुठलं काम राहतं? झोप कशी लागते? जेवण जातं का? कशात जीव रमतो का? घरात काही घोर लागलाय का?"

या क्रमाने गेलं तर सातव्या प्रश्नाला बरीच माणसं बोलू लागतात. पहिलाच प्रश्न "तुम्हाला नैराश्य आहे का?" असा टाकला तर "नाही" हेच उत्तर येईल. रक्त कमी असणं, थायरॉइड, मधुमेह यांची तपासणीही करायलाच हवी. मनाचं कारण सापडलं म्हणजे शरीराचं नाही, असं नसतं.

अंगात येणं हा मानसिक आजार आहे का?

सरसकट नाही. ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, आरती किंवा ढोल सुरू असताना येतं, थोड्या वेळाने उतरतं, बाई घरी जाऊन नेहमीसारखी कामाला लागते, त्याचा तिला त्रास नाही: याला आजार म्हणत नाहीत. व्हिएदा स्कल्टन्स यांनी महाराष्ट्रातल्या एका महानुभाव मंदिराचा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. तिथे आजारी माणसाला घेऊन आलेल्या बायकाच पुष्कळदा अंगात आल्यासारख्या घुमत. घरच्याचं दुखणं आपल्यावर घेतलं, असा त्याचा अर्थ त्या लावत. घरातला सगळा भार बाईने वाहायचा ही रीत तिथे शरीरातून बोलते. आमच्या मते त्या बाईला आधी विश्रांती आणि मदत हवी.

पुढच्या खुणा असतील तर मात्र थांबू नका: विधीच्या बाहेर, नको असताना वारंवार होतं, काम, जेवण, झोप सुटली आहे, झटक्यात जीभ चावली जाते किंवा कपड्यात लघवी होते (मिरगीची शक्यता), ताप आहे, बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत अचानक बडबड, संशय, झोप पूर्ण गेलेली. शेवटच्या प्रकारात आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो, त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, साखळीने बांधणं, उपचारांपासून रोखणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत आगीत २८ मनोरुग्ण मेले. साखळदंडांमुळे त्यांना पळता आलं नव्हतं. कुटुंबाला देवस्थान सोडा असं सांगून क्वचितच उपयोग होतो. "देवाचं चालू ठेवा, गोळ्याही चालू ठेवा" हे बहुतेक ऐकतात.

भ्रमात ऐकू येणारे आवाजसुद्धा समाजाप्रमाणे बदलतात?

हो. तान्या लुहरमन आणि सहकाऱ्यांनी चेन्नई, घानातलं अक्रा आणि कॅलिफोर्नियातलं सॅन मटिओ इथल्या, गंभीर मानसिक आजारात आवाज ऐकू येणाऱ्या प्रत्येकी २० रुग्णांच्या मुलाखती घेतल्या. कॅलिफोर्नियात आवाज बहुतेक अनोळखी आणि हिंसक होते. चेन्नईत अर्ध्याहून जास्त जणांना नातेवाइकांचे आवाज ऐकू येत: रागावणारे, पण आंघोळ कर, जेव, घर आवर असं सांगणारेही. आजार तोच असून त्याच्याशी जगण्याची तऱ्हा वेगळी. आवाज ऐकू येतात असं कुणी सांगितलं तर "कुणाचा आवाज, काय सांगतो" हे जरूर विचारा. जीव द्यायला किंवा घ्यायला सांगत असेल तर ताबडतोब मदत लागते.

इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणायची आहे. कसं करायचं?

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून सविस्तर. उदाहरण पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीचं घेऊ: नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ० ते २७, कालावधी गेले दोन आठवडे, आणि १० किंवा अधिक गुण आले की पुढची तपासणी.

१. आधी शोधा. पीएचक्यू-९ मराठीत उपलब्ध आहे. असलेलं पुन्हा करू नका. दुसरी प्रश्नावली असेल तर वापराची परवानगी पाहा.

२. दोन जणांनी एकमेकांना न विचारता मराठी करावी. एक विषय जाणणारा, दुसरा विषय न जाणणारा पण लोकांची बोली कानावर असलेला.

३. दोन्ही मसुदे समोरासमोर ठेवून एक करा. कुठे मतभेद झाला, काय निवडलं आणि का, हे लिहून ठेवा.

४. मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याकडून त्याचं परत इंग्रजी करून घ्या. इथे सापळा आहे. "निरुत्साह", "एकाग्रता" असे पुस्तकी शब्द इंग्रजीत अगदी बरोबर परततात आणि भाषांतर उत्तम झालं असं वाटतं. शेतावरच्या बाईला मात्र ते कळलेले नसतात. उलट भाषांतर जुळलं म्हणजे प्रश्न पोहोचला असं नाही.

५. ज्यांच्यासाठी आहे अशा आठ-दहा जणांसमोर एकेक प्रश्न वाचा आणि विचारा: "यात तुम्हाला काय विचारलं असं वाटलं?" उत्तर बरोबर की चूक ते पाहू नका, समज पाहा. ही पायरी वगळली तर बाकीच्या सगळ्या फुकट.

६. ३० ते ५० जणांवर चाचणी घ्या. कुठला प्रश्न रिकामा राहतो, कुठे सगळ्यांचं एकच उत्तर येतं हे तपासा. मग मोठ्या नमुन्यावर अंतर्गत सुसंगती पाहा (सगळे प्रश्न एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा आकडा), ०.७ च्या खाली गेली तर प्रश्न पुन्हा तपासा.

७. १० हा उंबरठा आपल्या लोकांवर तज्ज्ञाच्या मुलाखतीशी ताडून पाहिल्याशिवाय "इतके टक्के लोक नैराश्यग्रस्त" असं छापू नका.

हमखास बिघडणाऱ्या जागा सांगतो. "झोप लागत नाही किंवा जास्त झोप येते" हा एका प्रश्नात दोन प्रश्न आहे. वाचून दाखवताना दोन्ही भाग सावकाश वेगळे म्हणा. "निम्म्याहून जास्त दिवस" हा पर्याय फार जणांना कळत नाही. चौदा खडे किंवा चिंचोके समोर ठेवा आणि जितके दिवस तसं वाटलं तितके बाजूला काढायला सांगा. दोन आठवडे सांगण्यापेक्षा "मागच्या दोन बाजारांपासून" हे जिथे आठवडी बाजार भरतो तिथे पक्कं बसतं. वर्तमानपत्र वाचताना लक्ष लागतं का, हे न वाचणाऱ्याला विचारून काय उपयोग? हिशेब, शिवण, टीव्ही यांतलं काही घ्या, पण बदल केल्याची नोंद अहवालात हवी. नकारार्थी वाक्यं टाळा: "मला निरुपयोगी वाटत नाही" याला "नाही" म्हटलं तर नेमकं काय धरायचं?

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. त्याला ० सोडून काहीही उत्तर आलं तर गुणांची बेरीज बाजूला ठेवा, माणसाला एकटं सोडू नका, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलणं करून द्या. सेवा मोफत, चोवीस तास, मराठीतही आहे. ही तयारी नसेल तर तो प्रश्न विचारायलाच जाऊ नका.

घरोघरी मुलाखती घेताना उत्तरं खोटी का येतात?

खोटी कमी, जागेला साजेशी जास्त. सासूबाई दारात बसल्या असतील तर सुनेचं उत्तर सासूबाईंसाठी असतं. वहीपेन घेतलेला माणूस म्हणजे योजना घेऊन आलेला माणूस, असं वाटलं तर त्रास वाढवून सांगितला जातो. शहरातून आलेले साहेब वाटले तर "हो हो, सगळं बरं आहे". मुलाखत घेणारी बाई असावी, वेळ दुपारी कामं उरकल्यावरची असावी, दोघींनी जावं म्हणजे एक जण घरातल्या मोठ्यांशी बोलत बसते. जात, उत्पन्न, शिक्षण शेवटी. होकाराकडेच झुकणारे प्रश्न नकोत: "त्रास होतो ना?" ऐवजी "त्रास होतो की होत नाही?"

न शिकलेल्या माणसाला तर्क जमत नाही, असं चाचणीत दिसतं. खरं का?

चाचणीत दिसतं ते वेगळंच काहीतरी असतं. अलेक्झांडर लुरिया यांनी १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानातल्या शेतकऱ्यांना विचारलं: उत्तरेला बर्फ असतं तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात, नोवाया झेम्ल्या उत्तरेला आहे, तिथे कायम बर्फ असतं, तिथली अस्वलं कुठल्या रंगाची? पुष्कळांनी उत्तर दिलं, की आम्ही तिथे गेलो नाही, पाहिलं नाही, कसं सांगणार? न पाहिलेल्याबद्दल ठाम बोलू नये, हा शहाणपणाचाच नियम आहे. नुसत्या शब्दांवरून उत्तर द्यायचं, ही शाळेतली रीत. थोडं शालेय शिक्षण मिळालेल्यांना ती लगेच जमली.

बुद्धिमापनाचंही तसंच. डॉ. वि. वि. कामत यांनी १९३०च्या दशकात बिने यांच्या चाचणीवरून मराठी आणि कन्नड मुलांसाठी चाचणी तयार केली. त्या काळी ते मोठं काम होतं, आणि ती अजूनही वापरात दिसते. पण इतक्या जुन्या मापाशी आजचं मूल ताडलं की आकडा फुगतो, आणि मदतीला पात्र असलेलं मूल प्रमाणपत्रापासून वंचित राहू शकतं. अहवालात चाचणीचं नाव, मापदंडाचं वर्ष आणि घरची भाषा लिहिलेली नसेल तर पालकांनी ती मागावी.

समाजाच्या कल्पना बदलायला पिढ्या लागतात ना?

नेहमी नाही. पश्चिम बंगालमध्ये दोन निवडणुकांत सरपंचपद महिलांसाठी राखीव राहिलेल्या गावांत, मुलगा आणि मुलगी यांच्याबद्दलच्या पालकांच्या अपेक्षांतली दरी स्पष्टपणे आणि स्वतः किशोरवयीनांतली ३२ टक्क्यांनी कमी झाली, असं लॉरी बीमन आणि सहकाऱ्यांना २०१२ मध्ये आढळलं. एका निवडणुकीने एवढं झालं नव्हतं. कागदावरची सरपंच आणि कारभार पतीकडे, अशा गावात मुलींना काय दिसतं हे वेगळं सांगायला नको.

दुसरं उदाहरण केबल टीव्हीचं. जेन्सन आणि ऑस्टर यांनी २००१ ते २००३ या काळात गोव्यासह पाच ठिकाणच्या खेड्यांचा मागोवा घेतला. केबल आली तिथे बायकोला मारणं योग्य मानणाऱ्या आणि मुलगाच हवा म्हणणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण घटलं. मालिकांना नावं ठेवणाऱ्यांनी (आम्हीही ठेवतो) हे लक्षात घ्यावं.

परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांचं दोन संस्कृतींत ओढलं जाणं नुकसानकारक असतं का?

दोन संस्कृती असण्याने सहसा नुकसान होत नाही. एक सोडायला लावण्याने होतं. जॉन बेरी यांनी चार वाटा सांगितल्या: दोन्ही धरणं, नवी धरून जुनी सोडणं, जुनी धरून नवी टाळणं, आणि दोन्हींतून तुटणं. पहिली साधारणपणे सर्वांत सुखाची, शेवटची सर्वांत त्रासाची. पण पहिली वाट एकट्या मुलाच्या हातात नसते. शाळेने त्याचं नाव नीट उच्चारायला हवं आणि घराने त्याच्या मित्रांना जेवायला बसवायला हवं.

आणखी एक अडचण आईवडिलांकडून येते. ते ज्या वर्षी निघाले त्या वर्षीचा महाराष्ट्र सोबत नेतात. पुण्यातली चुलत बहीण करते ते परदेशातल्या मुलीला "आपल्यात चालत नाही" म्हणून मना होतं. वर्षाआड सुट्टीत आजोळी पाठवणं आणि चुलत-मावस भावंडांशी थेट गप्पा होऊ देणं, हे मराठी शाळेच्या जोडीला हवंच.

समुपदेशनात कुटुंबाला किती आत घ्यायचं?

आपल्याकडे कुटुंब आलेलंच असतं, म्हणून क्रम ठरवा. आधी दहा मिनिटं माणसाशी एकट्याने, मग घरच्यांसोबत, शेवटी पुन्हा एकट्याने. घरच्यांना काय सांगायचं आणि काय नाही हे पहिल्याच दहा मिनिटांत त्याला विचारून घ्या. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या अमेरिकी निदान-पुस्तिकेत संस्कृती समजून घेण्यासाठी १६ प्रश्नांची मुलाखत आहे आणि तिची चाचणी पुण्यातही झाली होती. त्यातला गाभा घरगुती शब्दांत असा: हा त्रास तुम्ही घरच्यांना कसा सांगता? कशामुळे झाला असं तुम्हाला वाटतं, आणि घरच्यांना काय वाटतं? आजवर कुठे कुठे दाखवलं? त्यातलं काय कामी आलं? कुठल्या कारणाने मदत घेणं अवघड जातं?

"कुठे दाखवलं" याला मांत्रिक, देवस्थान, वैद्य, नेटवरचे व्हिडिओ ही सगळी उत्तरं येऊ द्या. भुवई उंचावली की पुढची तीन लपवली जातात.

कॉलेजच्या प्रकल्पात कोकण आणि देश अशी तुलना करायची आहे. चालेल?

चीनमध्ये भात पिकवणाऱ्या भागांतले लोक गहू पिकवणाऱ्या भागांपेक्षा जास्त परस्परावलंबी विचार करतात, असा टॉलहेम यांचा २०१४ चा अभ्यास वाचून ही कल्पना अनेकांना सुचते. पाणी, लावणी आणि मजुरी यांत एकमेकांवर अवलंबून राहावं लागतं, हा त्यातला तर्क. तो इथे जसाच्या तसा उचलू नका. कोकणातली कितीतरी घरं भातापेक्षा मुंबईहून येणाऱ्या पैशावर चालत आली आहेत.

करायचंच असेल तर प्रदेशाऐवजी नेमकी सवय निवडा, उदाहरणार्थ इर्जिकीने (शेजाऱ्यांच्या बिनमजुरी मदतीने) शेतकाम करणारी आणि रोजंदारीवर मजूर लावणारी घरं, एकाच तालुक्यातली. दोन्ही गटांत वय, शिक्षण आणि जमीन साधारण सारखी ठेवा. "तुम्ही इतरांना मदत करता का?" असं विचारू नका, कारण प्रत्येक जण आपल्या शेजाऱ्याशी तुलना करून उत्तर देतो आणि दोन गावांची उत्तरं एका पट्टीवर बसत नाहीत. "गेल्या हंगामात दुसऱ्याच्या शेतात किती दिवस बिनमजुरीने काम केलं?" असं विचारा. गटामागे पाच-सात घरं घेऊन सरासरी काढू नका. तीसच्या खाली असाल तर आकडे बाजूला ठेवून मुलाखतीच नीट लिहा, परीक्षकालाही त्या वाचायला बऱ्या वाटतात.